कै. साने गुरुजी आणि घंटेनंतरची शाळा

ज्या थोर पुरुषांची चरित्रे आपल्या मुलामुलींच्या कानी वारंवार पडावीत असे आम्हांस वाटते, त्यांत कै. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी, यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या ज्ञातिबांधवांत क्वचितच सापडेल. ‘श्यामची आई’ वाचून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले असेल, आणि त्यांनी रचिलेली प्रार्थना तर आपल्या करडीपासून कोकणापर्यंत शाळाशाळांतून म्हटली गेली आहे. गुरुजींचे देशभक्त म्हणून, साहित्यिक म्हणून, अस्पृश्यतेचे शत्रू म्हणून गुणगान पुष्कळांनी केले आहे. परंतु ज्या कामामुळे साने हे गुरुजी झाले, ते अमळनेरच्या हायस्कुलातील काम, आणि त्यातही वर्गाची घंटा झाल्यानंतरचे काम, याकडे म्हणावे तितके लक्ष जात नाही. आमचे सारे आयुष्य खडूफळ्यापुढे गेले. तेव्हा स्मरणिकेच्या निमित्ताने गुरुजींच्या चरित्राचा हाच भाग सदस्य कुटुंबांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, एके काळी घरात संपन्नता होती. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात ती ओसरली आणि दारिद्र्य घरात येऊन बसले. आई यशोदाबाई यांनी त्या दारिद्र्यातही मुलांच्या मनाची मशागत सोडली नाही. खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, झाडापाखरांवरही माया करावी, हे धडे त्या माउलीने चुलीपुढे बसून दिले. पालगडचे शिक्षण आटोपल्यावर पांडुरंग दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकू लागला. पुढे तेथील खर्चही झेपेना, म्हणून तो औंध संस्थानात गेला. हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे आणि अभ्यास करावा, असा तेथील क्रम होता. औंधास प्लेगची साथ आली, तेव्हा तेथूनही निघावे लागले. अखेर पुण्यास नूतन मराठी विद्यालयात नाव घातले. याच काळात, १९१७ साली, आई निवर्तली. अखेरच्या क्षणी मायलेकरांची भेट झाली नाही, आणि हे शल्य गुरुजींच्या अंतःकरणात कायमचे रुतून राहिले.

१९१८ साली ते मॅट्रिक झाले, १९२२ साली बी. ए. झाले, आणि १९२४ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झाले. एम. ए.च्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात येऊन राहिले होते. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या उदार आश्रयाने चालणाऱ्या या संस्थेत देशोदेशीच्या तत्त्वचिंतकांचे ग्रंथ होते आणि अभ्यासास निवांतपणा होता. दुसरा कोणी असता तर त्या ग्रंथांतच रमला असता. परंतु गुरुजींचा ओढा मुलांकडे होता. १७ जून १९२४ रोजी ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आले. काही काळाने शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांजकडे आली आणि त्यांच्या अंगचे खरे गुण येथे प्रकट झाले.

छात्रालय म्हणजे काय, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. गावात पुढील शिक्षणाची सोय नसे, तेव्हा डोक्यावर वळकटी आणि हातात पत्र्याची पेटी घेऊन मूल परक्या गावी जाई. दिवसा शाळा असे, तोवर ठीक. दिवेलागणीला मात्र घर आठवे, आईच्या हातची भाकर आठवे, आणि पुस्तकातील अक्षरे पुसट होत. अमळनेरचे छात्रालयही असेच होते. खानदेशातील खेड्यापाड्यांची मुले तेथे राहावयास येत. छात्रालयाचा पर्यवेक्षक म्हटला की हातात छडी, तोंडात दरडावणी आणि वहीत दंडाची नोंद, अशीच मूर्ती त्या काळी मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहत असे. गुरुजींनी ही मूर्ती मोडून टाकली. मुले शाळेत गेली म्हणजे ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, पसरलेले सामान नीट लावीत, कोणाचे मळके कपडे राहिले असल्यास ते धुऊन वाळत घालीत. मुलांना प्रथम संकोच वाटला, मग लाज वाटली, आणि पुढे हळूहळू ज्याची त्याची खोली आपोआप स्वच्छ दिसू लागली. स्वच्छतेचा नियम भिंतीवर लिहून लावण्याची गरज उरली नाही. कोणी आजारी पडले तर गुरुजी रात्र रात्र उशाशी बसत. आईवेगळे झालेले हे अंतःकरण इतरांच्या मुलांची आई होऊन राहिले होते.

याच छात्रालयात गुरुजींनी जो उपक्रम केला, तो या लेखाचा मुख्य विषय होय. त्यांनी ‘छात्रालय’ याच नावाचे एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. मासिक नव्हे, साप्ताहिक नव्हे, दैनिक! त्याला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, जाहिरात नव्हती. कागद, दौत, टाक आणि गुरुजींचा उजवा हात, एवढेच त्याचे भांडवल. शाळेचे सारे काम करून, मुले झोपल्यावर किंवा पहाटे मुले उठण्यापूर्वी, ते स्वतः सर्व मजकूर लिहून काढीत आणि मुलांना तो वाचावयास मिळे. त्यात देशातील आणि जगातील घडामोडी असत, थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे असत, गोष्टी आणि कविता असत, इतर भाषांतील चांगल्या साहित्याचा परिचय असे. पाठ्यपुस्तकात जे नाही आणि जीवनात ज्यावाचून चालत नाही, ते सारे त्या एका हस्तलिखितात येत असे.

आम्ही स्वतः एका शाळेत हस्तलिखिताचे काम पाहिले आहे. म्हणून या उद्योगात किती श्रम असतात, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. वर्षाकाठी एक अंक काढावयाचा म्हटला तरी मुलांच्या मागे लागावे लागते. कोणाचे अक्षर वाकडे, कोणाची शाई सांडलेली, कोणाचा लेख दुसरीकडून उतरविलेला. असे असता रोज एक अंक, आणि तोही एकहाती! केवळ कर्तव्य म्हणून हे कोणास साधेल असे वाटत नाही. पुढे १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक छापील स्वरूपात काढले, आणि छात्रालयाच्या आवारातील हा झरा बाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. गुरुजींची लेखणी जी पुढे महाराष्ट्रभर गाजली, तिचा सराव या मुलांसाठी केलेल्या लेखनातच झाला, असे म्हणावयास हरकत नाही. मुलांना कळेल असे लिहावयाचे, आणि उद्या पहाटेपर्यंत लिहावयाचे, या दोन बंधनांनी त्यांची भाषा साधी आणि ओघवती झाली.

गुरुजींचे अध्यापन अवघे सहा वर्षांचे. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला, तेव्हा गुरुजींनी नोकरीचा राजीनामा देऊन चळवळीत उडी घेतली. त्यांना शिक्षा झाली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी दूर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तेथे दक्षिणेकडील सत्याग्रहींच्या सहवासात त्यांना परभाषांची गोडी लागली आणि प्रांताप्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकून एकमेकांस ओळखावे, या विचाराचे बीज मनात पडले. हाच पुढे ‘आंतरभारती’ या नावाने ओळखला गेलेला विचार होय. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे आचार्य विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. ही अठरा प्रवचने गुरुजींनी झरझर लिहून घेतली, म्हणून तर ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. छात्रालयाच्या दैनिकासाठी धावलेला हात येथे असा उपयोगी पडला.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नासिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकाची रचना वाचकांनी आठवून पाहावी. आश्रमातील सायंप्रार्थना संपते, मित्रमंडळी भोवती बसतात, आणि श्याम एकेका रात्री आईची एकेक आठवण सांगतो. दिवेलागणीनंतर घरापासून दूर असलेल्या मुलांना जवळ घेऊन बसण्याचीच ही रीत नव्हे काय? अमळनेरचे छात्रालय त्या पुस्तकाच्या पानापानांमागे उभे आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत तर ध्येयवादी शिक्षक आणि त्याच्याभोवती जमलेली मुले हाच विषय आहे. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि हा मान मिळविणारा तो देशातील पहिला चित्रपट ठरला.

पुढील चरित्र थोडक्यात सांगतो. १९३६ साली खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढून शेतकरी-कामकऱ्यांची दुःखे वेशीवर टांगली. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहून काम करीत होते, आणि पुढे पकडले गेले. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलातील मुलामुलींचे तर ते दैवतच होते. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्रथम त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले, आणि मग १ मे रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. हा भाग लिहिताना हात थबकतो. परंतु चरित्र सांगावयाचे तर तो गाळणे योग्य नाही. सर्वांचे अश्रू पुसणाऱ्या या पुरुषाच्या मनातील व्यथा वेळीच कोणास हलकी करता आली नाही. घराघरांतील आईबापांनी आणि शाळाशाळांतील शिक्षकांनी यावरून एवढा बोध अवश्य घ्यावा की, कोमल मनाच्या मुलास एकटे पडू देऊ नये, आणि त्याने बोलावे यासाठी आपण आधी त्याच्याजवळ बसावे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. वर्गाबाहेरील उपक्रम ही काही गुरुजींची एकट्याची कल्पना नव्हे. इंग्लंडात बेडन पॉवेल यांनी १९०७ साली बालवीरांचे पहिले शिबिर भरविले, आणि ती चळवळ जगभर पसरली. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली, आणि निरनिराळ्या बालवीर संघटना एकत्र येऊन १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली. वक्तृत्वसभा, स्नेहसंमेलन, भित्तिपत्रक, लेझीम, विद्यार्थी मंत्रिमंडळ, सहल हे सारे आपल्या पिढीने शाळेत अनुभविले. आपला झाडीचा मुलूख तर जात्याच कलावंतांचा. धान निघाले, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्र रात्र दंडार चालते, नाटकाला बैलबंड्या जुंपून लोक जात असत. अशा मुलखातील मूल शाळेत मुके राहते, तर दोष मुलाचा नव्हे. त्यास बोलावयास लावणारी शनिवारची सभा आपण बंद केली, हा दोष होय.

हा दोष आम्ही दुसऱ्यावर टाकीत नाही. तो आमच्या हातूनही घडला आहे. आम्ही केवळ मॅट्रिक होऊन आणि अध्यापनाची पदविका घेऊन या व्यवसायात आलो. करडीच्या परिसरातील एका शाळेत असता दर शनिवारी आम्ही मुलांचे हस्तलिखित चालवीत होतो. त्यात शेतमजुराचा एक मुलगा होता. गणितात तो सदैव मागे. परंतु चित्रे अशी काढी की बांधीतले परे वाऱ्याने हलताना दिसावेत. रोवणीच्या दिवसांतही शनिवारचा तो तास त्याने कधी चुकविला नाही. एके वर्षी शाळेचा निकाल खालावला, आणि हस्तलिखिताचा तो तास गणितास द्यावा असे ठरले. आम्ही विरोध केला नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांस ते पटलेही होते. पुढल्या रोवणीस तो मुलगा गेला तो पुन्हा शाळेत आला नाही. बरीच वर्षे लोटल्यावर एका मंडईत त्याची गाठ पडली. तो संसारात होता, कष्टाने खात होता, आणि त्याने वाकून नमस्कार केला. त्याने एकच गोष्ट विचारली : ते जुने अंक अजून शाळेत आहेत काय? ते अंक केव्हाच रद्दीत गेले होते, आणि हे सांगताना आमची मान खाली गेली. गुरुजींचे चरित्र आम्ही त्यानंतर पुन्हा वाचावयास घेतले. शाळेशी त्या मुलास बांधून ठेवणारा एकच दोर होता, आणि तो आम्ही निकालाच्या टक्क्यांसाठी कापला, हे तेव्हा उमगले.

म्हणून आमची आपल्या ज्ञातिसंघास नम्र सूचना आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव हा ज्ञातिसंस्थांच्या कार्यक्रमांतील मोठा आनंदाचा भाग असतो, आणि तो असाच चालू राहावा. परंतु व्यासपीठावर केवळ टक्के वाचले जातात, आणि ज्याचे टक्के कमी त्याचे आईबाप मंडपाच्या कडेला बसून टाळ्या तेवढ्या वाजवितात. ज्या मुलाने हस्तलिखित काढले, जिने वक्तृत्वात गावाचे नाव राखले, ज्याने आजारी सोबत्याची सेवा केली, ज्याने झाडे लावून जगविली, अशांसही श्रीफळ आणि पुस्तक देऊन गौरवावे. यास खर्च थोडा आणि फळ मोठे. तसेच या स्मरणिकेची चार पाने मुलामुलींच्या लेखनासाठी आणि चित्रांसाठी राखून ठेवावीत. त्यांत चुका असतील तर असू द्याव्यात. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक मोठ्या गावात एकदोन तरी आहेत. त्यांनी शनिवारची एक संध्याकाळ दिली, तर शाळेने सोडलेला धागा समाजास उचलता येईल.

एक गोष्ट शेवटी बोलणे अवश्य आहे. ज्यांनी जातीपातीच्या भिंती पाडण्यासाठी प्राण पणास लावले, त्यांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळता येणार नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर असे. आपल्या लेकरांस हात देऊन वर काढण्यासाठी आपण एकत्र आलो, यात गैर काही नाही. जो मागे राहिला त्यास आपल्या माणसांनीच प्रथम उचलावे लागते. परंतु हे उचलणे दार लावून घेऊन करावयाचे नसते. आपण जे वाचनालय काढू, जी शनिवारची सभा भरवू, जे हस्तलिखित चालवू, त्यात शेजारच्या घरचे मूल, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, आपल्या मुलाच्या मांडीला मांडी लावून बसले पाहिजे. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी ज्या खोल्या झाडीत, त्या कोकणातल्या त्यांच्या भाऊबंदांच्या नव्हत्या. पंढरपुरास ते ज्यांच्यासाठी उपाशी बसले, ते त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. हे ध्यानात ठेवले तर आपल्या संघाचे कार्य आणि गुरुजींची शिकवण यांत विरोध उरणार नाही.

गुरुजी शाळेत अवघी सहा वर्षे होते. परंतु मरेपर्यंत आणि मरणानंतरही जगाने त्यांना गुरुजी याच नावाने हाक मारली. आम्ही याहून कितीतरी अधिक वर्षे शाळेत काढली. त्यांतील किती मुलांच्या मनात आमचा एखादा शनिवार उरला असेल, हे परमेश्वरास ठाऊक. या स्मरणिकेच्या वाचकांनी आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या मुलास किंवा नातवास जवळ बसवून, त्याने अभ्यासाखेरीज या महिन्यात काय केले, एवढे प्रेमाने विचारावे आणि त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. पुढील वर्षी या पानांवर आमच्या लेखाऐवजी एखाद्या मुलाचा लेख आणि चित्र छापून आलेले पाहावयास मिळो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.